चार नंबरची सुतळी

नागपूर,
२ नोव्हेंबर १९८७

प्रिय बळीराम,
सप्रेम जयभीम.

उमरेडच्या दुपारच्या बसच्या कंडक्टरकडे फ्लॉपी दिली आहे, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये बांधून. मागच्या खेपेला तू स्टँडवरून ती घेऊन पिशवीत टाकलीस आणि वर वांगी ठेवलीस. या वेळी वांगी दुसऱ्या हातात धर.

आपल्या सुतळीचा चार नंबर तयार झाला. लोकांना पाठवायचं माहितीपत्रक असं लिहिलं आहे, वाचून बघ:

"मोठा प्रोग्रॅम तुकड्यातुकड्यांनी लिहिलेला असतो. एक तुकडा बदलला तरी सगळे तुकडे पुन्हा मशीनच्या भाषेत उतरवत बसावं लागतं आणि त्यात दुपार जाते. सुतळी हा आमचा छोटा प्रोग्रॅम तारखा पाहून कोणता तुकडा बदलला ते ओळखतो, तेवढाच पुन्हा उतरवतो आणि मग सगळे एकत्र बांधून देतो. सुतळी फुकट आहे. कोरी फ्लॉपी आणि तिकीट लावलेलं पाकीट पाठवा, आम्ही भरून देऊ. आतलं लिखाणही सोबत आहे. घ्या, वाटा, बदला. अट एकच. एक अक्षर जरी बदललं तरी नंबर बदला, आणि काय बदललं, कोणी बदललं, ते लिहा."

आता तारखेचं. आपल्याकडच्या मशीनना घड्याळाची बॅटरी नसते. लाइट गेली की मशीन १ जानेवारी १९८० वर जातं आणि चालू करताच बिचारं नम्रपणे विचारतं, आजची तारीख काय? आणि आपले लोक काय करतात, तर एंटर दाबतात. आमच्या कॉलेजात सगळे एंटर दाबतात. बँकेत पाहून आले, तिथेही तेच. अख्खं नागपूर १ जानेवारी १९८० मध्ये कामं करतंय. नव्या-जुन्या सगळ्या तुकड्यांवर एकच तारीख, मग सुतळीने ओळखायचं कसं? म्हणून चार नंबरमध्ये मी पहिलंच काम हे केलं की मशीन १९८० दाखवत असेल तर सुतळी चालणारच नाही. तारीख टाका, मग पुढचं बोला.

यावरून सीताबर्डीचा ओमप्रकाश माझ्याशी भांडला. माझा वर्गमित्र, आता कॉम्प्युटर क्लास चालवतो. म्हणे, "हे काढून टाक ना गोपिका, लोकाइले तरास होते." मी म्हटलं, सहा आकडे टाकायला हात मोडले का? तारखेचा आळस करणाऱ्या माणसाची मला शिसारी येते.

तर नेहमीसारखं तपास. मशीनमध्ये आपलं जुनं काही ठेवू नकोस. फक्त या फ्लॉपीवरून सुतळी पहिल्यापासून बांध आणि चालवून बघ. तुझं "पाहिलं" आल्याशिवाय मी एकही प्रत बाहेर देणार नाही. नंतर भंडारा-चंद्रपूरकडची पाकिटं तू भर, बाकीची मी.

शोभा माझ्याकडे मजेत आहे. महिन्याअखेर आमच्याच कॉलेजात तिची परीक्षा. बहिणीला दोन ओळी लिहायला तुला वेळ होत नाही, हे तिनेच सांगायला सांगितलं आहे.

तुझी,
गोपिकाताई

*

उमरेड,
९ नोव्हेंबर १९८७

प्रिय ताई,
सविनय जयभीम.

फ्लॉपी सुखरूप मिळाली. वांगी नव्हतीच, तुरीच्या शेंगा होत्या, त्या दुसऱ्या हातात धरल्या.

साहेब खाणीवर गेले तेव्हा ऑफिसच्या मशीनवर तपासली. कोऱ्यावरून बांधली, चालली, सगळं ठीक. पाहिलं. बळीराम गजभिये.

पण ताई, तुझा हा तारखेचा पहारेकरी जरा कडक आहे. आमच्याकडे दिवसातून चारदा लाइट जाते. चारदा तारीख टाकायची म्हटलं की ऑपरेटर वैतागतात. परवा साहेबांच्या समोरच सुतळी अडली. साहेब म्हणाले, "गजभिये, हे मशीन मले कामाले लावून राहिलं का?" सगळे हसले, मीही हसलो. इथं मी टेंपररी आहे, साहेब हसले की हसावं लागतं. पहारेकऱ्याला पुढच्या नंबरमध्ये थोडं मऊ करता आलं तर बघ.

शोभाला सांग, बाबा रोज विचारतात. त्यांचं तुला माहीत आहे. "पोरगी पास होईल तोवर शिकवीन, एकदा का नापास झाली तं घरी," हे त्यांनी तिला नागपूरला सोडताना आईसमोर म्हटलं होतं. खाणीतला माणूस, एकदा बोलला की बोलला. पण ती पास होणारच. आपल्या घरात तिच्याइतकं डोकं कोणाला आहे?

तुझा,
बळीराम

*

नागपूर,
१५ जानेवारी १९८८

प्रिय बळीराम,
जयभीम.

कसं लिहू कळत नाही, म्हणून सरळच लिहिते. निकाल लागला. शोभा नापास आहे.

काल नोटीस बोर्डावर यादी लागली. आमचं कॉलेज आपले निकाल आपणच लावतं. या वर्षीपासून ते काम कॉम्प्युटरवर आलं, ऑफिसातले देवराव बघतात. यादीत फक्त पास आणि नापास एवढंच असतं, गुणपत्रिका मार्चमध्ये देतात. शोभा बोर्डासमोर उभी राहिली आणि मला म्हणाली, "ताई, असं होऊच शकत नाही वं. माझे पेपर बरे गेले, प्रात्यक्षिक तं लय चांगलं झालं." मला तिचा राग आला. मी म्हटलं, मशीन कोणाचा मामा-काका नाही, तुझ्याशी त्याचं वैर नाही. अभ्यास कमी पडला असेल ते कबूल कर. ती रात्री जेवलीही नाही. स्वतःची चूक दुसऱ्यावर ढकलणाऱ्या मुलींचा मला पहिल्यापासून वीट आहे आणि ही त्यातलीच निघाली असं वाटून मी दिवसभर धुसफुसत होते.

मामांना तूच सांग, तुझे वडील आहेत. मी सांगितलं तर ते म्हणतील, तुझ्या घरात राहून नापास झाली. आणि तसं म्हणाले तर खोटं काय आहे?

मामा तिला न्यायला आले तर दोन दिवस थांबायला सांग. सहा महिन्यांनी पुन्हा परीक्षा देता येते. एका नापासानं शिक्षण संपवायचं, ही काय रीत झाली?

गोपिकाताई

*

उमरेड,
३ फेब्रुवारी १९८८

प्रिय ताई,
सविनय जयभीम.

बाबा थांबले नाहीत ते तू पाहिलंसच. तुझ्या दारात चहासुद्धा घेतला नाही याचं आईला फार वाईट वाटलं. शोभा घरी आली तेव्हापासून गप्प आहे. सकाळी आईबरोबर स्वयंपाक करते, दुपारी भिंतीकडे तोंड करून पडते.

कुहीकडचं एक स्थळ आलं आहे. मुलगा शिक्षक आहे, घरची धानाची शेती. बाबांनी होकार दिला. रविवार, १५ मे ही तारीख धरली आहे. मुलगा वाईट नाही, ताई. मी बोललो त्याच्याशी. शिकवशील का पुढं, म्हणून विचारलं. तो म्हणाला, "आमच्या घरात कोनी नाही म्हणत नाही, पण घरचं काम कोन करीन मंग?"

सुतळीची बातमी मात्र चांगली आहे. माझ्याकडची पाकिटं इतकी वाढली की पोस्टमन नावानं ओळखतो. चंद्रपूरच्या एका कारखान्यातून पत्र आलं, चार नंबर फार सोयीचा आहे म्हणून. लोक खूश आहेत. तू उगाच लोकांवर चिडत असतेस, लोक चांगले असतात.

तुझा,
बळीराम

*

नागपूर,
२४ मार्च १९८८

प्रिय बळीराम,

हे पत्र बसून वाच.

काल गुणपत्रिका आल्या. शोभाची मी घेतली. तिला लेखीत कमी आणि प्रात्यक्षिकात भरपूर गुण आहेत. आधी दोन्हींत वेगवेगळं पास व्हावं लागे, या वर्षीपासून दोन्ही मिळून पास करायचं असा नवा नियम आहे. त्या नियमाने शोभा पास आहे. नुसती पास नाही, चांगली पास आहे. खाली शिक्का मात्र "नापास".

मी गुणपत्रिका घेऊन देवरावांकडे गेले. ते म्हणाले, "मॅडम, नवा नियम डिसेंबरमध्येच टाकला ना मी. तुमच्या सुतळीनंच बांधलं सगळं." मी म्हटलं, पुन्हा बांधून दाखवा. त्यांनी मशीन चालू केलं. मशीनने तारीख विचारली, देवरावांनी एंटर दाबला. मशीन १९८० मध्ये. आणि बळीराम, सुतळी चालली. एका शब्दाने अडली नाही. फ्लॉपीवर लिहिलं होतं "सुतळी ४", पण माझी चार नंबरची सुतळी त्या मशीनवर चालूच शकत नाही. मी तीनदा करायला लावलं. तीनदा चालली.

म्हणजे कोणी तरी माझ्या सुतळीतून तारखेची तपासणी काढली, नंबर तोच ठेवला आणि वाटली. देवरावांनी नियमाचा तुकडा बदलला, पण जुन्या-नव्यावर एकच तारीख. सुतळीला वाटलं काही बदललंच नाही. तिने जुना नियम आत बांधून दिला. देवराव मला म्हणतात, "तुमची पहिली फ्लॉपी लय कटकट करे, म्हणून ओमप्रकाशच्या क्लासमधून ही आणली. ही कुछ पूछती नहीं." अभिमानाने सांगत होते. त्यांच्या टेबलावरच्या पानाच्या पिचकारीच्या डागाकडे बघत मी ती फ्लॉपी मागून घेतली.

शोभासकट एकोणीस मुली अशा नापास झाल्या. मुलींना कोणी विचारलंसुद्धा नाही. आणि मी त्यातल्या एकीला माझ्या घरात उभी करून सांगितलं की मशीनचं तुझ्याशी वैर नाही.

ओमप्रकाशचंच हे काम. नोव्हेंबरमध्ये मी नाही म्हटलं तर याने परस्पर केलं. बदल करायला मी कधी ना म्हटलं नाही. तुला हवं ते कर, पाच म्हण, पंचवीस म्हण, खाली तुझं नाव घाल. पण माझ्या नंबरखाली, माझ्या आणि तुझ्या नावाखाली दुसरंच काही तरी घुसवायचं, याच्याइतकी घाण गोष्ट मला माहीत नाही. दुधात पाणी घालणाऱ्याला निदान आपण पाणी घातलं हे ठाऊक असतं.

मामांना आजच्या आज सांग की शोभा पास आहे. लग्नाची गडबड थांबवा. मी प्रिन्सिपॉलांच्या मागे लागून निकाल दुरुस्त करून घेते.

गोपिका

*

उमरेड,
४ एप्रिल १९८८

प्रिय ताई,
सविनय जयभीम.

तुझं पत्र वाचून धक्का बसला. पण ताई, थोडं शांत हो.

ओमप्रकाशच्या वाटेला जाऊ नकोस असं मला वाटतं. त्याची ओळख मोठमोठ्या लोकांत आहे, आणि पुरावा काय? फ्लॉपी हातोहात जाते. कोणी बदललं, कधी बदललं, कोणाला कळणार? झालं ते झालं. तू पाच नंबर काढ आणि सगळ्यांना सांग की चार फेकून द्या. विषय संपला. माणसं नंबर कुठे बघतात?

बाबांना अजून सांगितलं नाही. कुहीवाले परवा येऊन गेले, घरात पाहुणे होते, वेळ बरोबर नव्हती. त्यातून कॉलेजनं अजून कागद दिलेला नाही. नुसत्या तोंडी बोलण्यावर बाबा लग्न थांबवतील असं वाटत नाही. दुरुस्त निकाल आला की मी योग्य वेळ पाहून सांगतो. पत्रिका छापायलाही मीच दिल्या आहेत, बाबांनी गळ्यातच घातलं ते काम. आतापासून गोंधळ कशाला?

शोभा बरी आहे. अलीकडे थोडी बोलते.

तुझा,
बळीराम

*

नागपूर,
१२ एप्रिल १९८८

बळीराम,

काल ओमप्रकाशच्या क्लासमध्ये गेले होते. जिना चढून वर गेले तेव्हा माझ्या तोंडात काय काय शब्द तयार होते, ते लिहीत नाही.

तो म्हणाला, "ये वं गोपिका, चहा सांगू का?" मी देवरावांची फ्लॉपी त्याच्या टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "हे तू केलंस."

त्याने फ्लॉपी उलटीसुलटी करून पाहिली. "मी काहून करीन? सुतळीच्या आतलं मले काय समजते? मी पोराइले टायपिंग शिकवतो, हिशेबाचे दोन फॉर्म्युले शिकवतो. आत हात घालाची माही लायकी असती तं मी इथं बसलो असतो का?"

"मग आली कुठून?"

"कमाल करतं तू. तुह्या भावानंच देल्ली. दिवाळी झाल्यावर प्रिंटरची रिबन न्याले आला होता. म्हने, ताईची तारीख मागते, ही नाही मागत. मी इचारलं नंबर कोनता, तं म्हने चारच आहे, फरक काही नाही." मग माझ्याकडे बघून तो हळू आवाजात म्हणाला, "मले वाटलं तुले माहीत आहे. तुम्ही दोघं मिळूनच करता ना सगळं."

मी चहा घेतला नाही. त्याची माफी मागितली आणि खाली आले. पाच महिने मी ज्या माणसाला मनात शिव्या देत होते, त्याने मला जिन्यापर्यंत सोडलं.

सीताबर्डीवरून घरापर्यंत चालत आले. वाटेत तुझी सगळी पत्रं आठवत होते. "लोक खूश आहेत." "लोक चांगले असतात." "पोस्टमन नावानं ओळखतो." तुझा साहेब हसला म्हणून तू एक ओळ काढलीस, ते मी समजू शकते. टेंपररी माणसाची भीती मला माहीत आहे. तू मला लिहिलं असतंस, ताई, मी एक वेगळी सुतळी केली, तिला साडेचार म्हणतो, तर मी दोन शिव्या देऊन गप्प बसले असते. तू नंबर बदलला नाहीस, कारण नंबर बदलला तर मला कळलं असतं. आणि वर तुझं "पाहिलं" तसंच ठेवलंस. माझ्या सुतळीखालची तुझी सही तू दुसऱ्याच सुतळीखाली फिरवलीस. मला किळस आली, बळीराम. ओळीची नाही. तुझ्या त्या गोड पत्रांची.

आणि माझं पत्र मिळाल्यापासून तुला माहीत आहे की शोभा पास आहे, ती का नापास झाली, आणि ते कोणामुळे. माहीत असून तू पत्रिका छापायला दिल्यास. तिच्यासमोर बसून जेवतोस तरी कसा?

परवा भीमजयंती. मामा त्या दिवशी घरी असतात, खुशीत असतात. त्या दिवशी तू स्वतः त्यांना आणि शोभाला सांग. माझं नाव मध्ये घेऊ नकोस. तू सांगितलंस तर हे पत्र मी लिहिलंच नाही असं समजेन. महिनाअखेरपर्यंत सांगितलं नाहीस तर मी येईन.

गोपिका

*

उमरेड,
२२ एप्रिल १९८८

ताई,

एक ओळ काढली होती मी. फक्त एक ओळ. तू असं लिहितेस की मी कोणाचा गळा कापला.

साहेबांनी दोनदा सांगितलं होतं की हे मशीन अडवणारं काही मला ऑफिसात नको. तुझी पर्मनंट नोकरी आहे, तुला तत्त्व परवडतं. आणि शोभाच्या निकालात ती फ्लॉपी जाईल हे मला स्वप्नातही ठाऊक नव्हतं. तुला कळवणारच होतो, पण तू ओमप्रकाशवर एवढी चिडलेली पाहून धीर झाला नाही.

जयंतीच्या दिवशी घरात खूप माणसं होती. बाबा मिरवणुकीत पुढे होते. कसं सांगणार? आता तर पत्रिका वाटल्या. कुहीच्या लोकांनी मंडप सांगितला. या टप्प्यावर सांगितलं तर बाबा मला घरात ठेवणार नाहीत. लग्न होऊन जाऊ दे. त्या मुलाशी मी बोलतो, शोभाला लग्नानंतर शिकता येईल. शांत डोक्यानं विचार कर, हेच सगळ्यांच्या भल्याचं आहे.

येऊ नकोस, एवढी विनंती.

बळीराम

*

नागपूर,
५ मे १९८८

बळीराम,

रविवारी मी तुमच्या अंगणात शिरले आणि मामांना म्हटलं, मला बोलायचं आहे. तू तेव्हाच उठलास आणि मागच्या दाराने निघून गेलास. म्हणून पुढचं तुला माहीत नसणार. सांगते.

मामी बांगड्या मोजत होत्या. मामा म्हणाले, "ऐन टायमाले काय काढलं वं तू?" मी दुरुस्त निकाल त्यांच्या हातात दिला. तो मिळवायला मला प्रिन्सिपॉलांच्या दाराशी महिनाभर बसावं लागलं, आणि शेवटी त्यांनी तो नोटीस बोर्डाच्या अगदी खालच्या कोपऱ्यात, सायकल स्टँडच्या सूचनेखाली लावला. माफीचा एक शब्द नाही. नरखेडकडची एक मुलगी तर जानेवारीतच हॉस्टेल सोडून गेली, तिला कोणी कळवलंसुद्धा नव्हतं. मी कळवलं.

मामांनी कागद दोनदा पाहिला. "मंग पह्यला कागद?"

"तो चुकला होता, मामा."

"चुकते कसा? मशीनचा होता ना?"

"मशीनले आज कोनती तारीख आहे तेच कोनी सांगितलं नाही. आणि आमची सुतळी ते इचारून घ्यायची, तं तिचं इचारनं काढून टाकलं."

"कोनं?"

मी तू बसला होतास तिकडे पाहिलं. चटई होती, तू नव्हतास. तुझ्या चपलाही नव्हत्या. मामांनीही तिकडेच पाहिलं. मला नाव घ्यावं लागलं नाही.

शोभा चौकटीत उभी होती. तिने मला एवढंच विचारलं, "ताई, दादाले कवापासून माहीत होतं?" मी म्हटलं, मार्चपासून. ती म्हणाली, "तो रोज संध्याकाळी माह्या हातची पोळी खात होता वं. कालच म्हने, शोभा, तिकडं गेल्यावर तुह्या हातच्या पोळीची आठवण येईन." मग ती आत गेली आणि आपली पिशवी भरायला लागली. रडली नाही. मामींनी अडवलं तर मामा म्हणाले, "जाऊ दे तिले. मी पास होईल तोवर म्हटलं होतं. पोरगी पास आहे."

दुसऱ्या दिवशी मामा एकटे कुहीला गेले. मुलाकडच्यांनी त्यांना दारात उभं ठेवून जे जे ऐकवलं, ते ते त्यांनी ऐकून घेतलं. उन्हातून परत आले आणि मामींना म्हणाले की त्या लोकांचं काही चुकलं नाही. ते बोल ऐकायला तिथे तू उभा असायला हवा होतास. तुला घराबाहेर काढायचं मामा काही बोललेले नाहीत. तुझ्याबद्दलच काही बोललेले नाहीत.

आता सुतळीचं. पाच नंबर मी केला आहे. माहितीपत्रकात पहिल्याच ओळीत लिहिलं आहे: "चार नंबरच्या दोन वेगवेगळ्या फ्लॉप्या बाहेर आहेत. एकीतून तारखेची तपासणी काढलेली आहे. ती बळीराम गजभिये, उमरेड यांनी काढली आणि नंबर बदलला नाही. ती वापरून केलेलं काम पुन्हा तपासून पाहा." तुला हे वाचून राग येईल. तुझं नाव सुतळीवरून काढून टाकावं असं पहिल्यांदा मनात आलं होतं. पण तू केलेलं काम तू केलेलं आहे, चांगलंही आणि हेही. दोन्ही राहील. काय बदललं आणि कोणी बदललं ते लिहायचं, ही अट दुसऱ्यांना घालायची आणि आपल्या घरात झाकायचं, हे मला जमणार नाही.

"पाहिलं" मात्र आता तुझं नसेल.

तू ज्यांना ज्यांना ती सुतळी पाठवलीस, त्यांना पाच नंबर तू पाठवायचा आहे, आपल्या हाताने, आपल्या नावाने. कोणाकोणाला पाठवली ते मला ठाऊक नाही, तुला आहे. तेवढं केलंस की मला लिही. त्याआधी लिहू नकोस. तुझं गोड पत्र उघडायची माझ्यात आता ताकद नाही.

गोपिका

*

नागपूर,
१५ मे १९८८

दादा,
जयभीम.

ताईनं पाच नंबर तपासायला मला दिला. आज रविवार, कॉलेजात कोणी नव्हतं, लॅबची किल्ली ताईकडे असते. कोऱ्यावरून बांधताना मध्येच लाइट गेली. आल्यावर मशीन पुन्हा चालू केलं, तर १ जानेवारी १९८० दाखवायला लागलं. मी मुद्दाम एंटर दाबून पाहिला. सुतळी अडली. दोनदा केलं, दोनदा अडली. तसंच व्हायला पाहिजे.

मग मशीन परत सुरू केलं आणि त्यानं तारीख विचारली तेव्हा १५ मे १९८८ टाकली. सुतळीनं सगळं नीट बांधलं.

पाहिलं. शोभा गजभिये.

तुझी प्रत उद्याच्या बसनं येईल, स्टँडवरून घेऊन जा. तारीख मी बरोबर टाकली ना, ते तुला विचारायची गरज नाही. लग्नाच्या पत्रिकेवर तूच छापून घेतली होतीस.

शोभा